बाहेरच्या कडेची त्रिज्या

रविवार, सकाळ

प्रिय शहाण्या,

यातलं 'प्रिय' फक्त पत्राची रीत म्हणून लिहिलंय, हे आधीच सांगून ठेवते. 'शहाण्या' मात्र अगदी मनापासून. बारा दिवस झाले, मी रोज फोन करते आणि तो वाजून वाजून थकतो. निरोप ठेवला की दोन शब्दांचं उत्तर येतं, 'कामात आहे'. कामात आहे म्हणे! गोदामात आलेले खोके मोजायचे, गेलेले खोके मोजायचे, उरलेले रजिस्टरात मांडायचे, त्यात असा कोणता डोंगर उचलायचा असतो की सख्ख्या बहिणीशी दोन मिनिटं बोलता येऊ नये? शेवटी कागद घेतला. कागद वाजत नाही, त्यामुळे तो तुला बंद करता येणार नाही. फाडून टाकलास तर माझ्याकडे नक्कल आहे.

आई बरी आहे. डोळ्यांत थेंब वेळेवर घालते, म्हणजे मी घालते आणि ती कुरकुरते. रोज संध्याकाळी एकदा विचारते, धाकटा रागावलाय का गं? मी सांगते, नाही, त्याला काम आहे. थोडक्यात, तुझी थाप हल्ली मला मारावी लागते, आणि तुला माहीत आहे की मला ते जमत नाही. माझ्या तोंडाकडे बघून आई गप्प बसते. तिला डोळ्यांनी कमी दिसतं असं डॉक्टर म्हणतात, पण माझा त्यावर फारसा विश्वास उरलेला नाही.

ऑफिस आहे तिथेच आहे. त्याच दोन खोल्या, खाली तेच छपाईचं दुकान, दुपारी त्यांचं मोठं यंत्र सुरू झालं की माझी पेन्सिल अजूनही टेबलावरून घरंगळते. तू जाताना तुझी कलती फळी दाराच्या मागे टेकवून गेलास. त्यामुळे दार अर्धंच उघडतं आणि मला रोज आडवं होऊन आत शिरावं लागतं. माझ्या वयाच्या आणि माझ्या आकाराच्या बाईला हे शोभतं का, याचा तू विचार केला नसशीलच. तुझ्या खणात तीन कोनमापक निघाले. एकाचे आकडे पुसलेले, एकाचं टोक तुटलेलं, तिसरा धड आहे पण त्याला जॅम लागलाय. कोनमापकाला जॅम लागतोच कसा? आणि वह्या! एकीलाही कव्हर नाही, एकीवरही नाव नाही. अक्षराबद्दल मी काही बोलत नाही. ते वाचायला मला चार दिवस लागले, आणि ते चार दिवस मी कधी विसरणार नाही. पण त्याकडे मी नंतर येते. मला सगळं क्रमाने सांगू दे, तुझ्यासारखं मधूनच नको.

आईला आपलं काम काय आहे हे तू एकदा समजावलं होतंस, आठवतं? तिला वाटायचं आपण खोके वाहून नेणारे सरकते पट्टे विकतो. तू म्हणालास, बस वळली की सीटवर उभी ठेवलेली पिशवी आडवी होते ना, ती कधी आडवी होईल हे आम्ही आधी सांगतो. पट्टा किती वेगाने धावतोय, वळण किती आखूड आहे आणि पिशवीचं वजन किती उंचावर बसलंय, एवढं कळलं की झालं. ती म्हणाली, मग पिशवी घट्ट धरून ठेवायची. तू इतका खूश झालास की तिच्यासाठी उठून चहा केलास. तुझ्या आयुष्यातला तो एकमेव चहा असावा. कारण नेमकी तिथेच सगळ्यांची फसगत होते. पट्ट्याचं रबर खोक्याचं बूड जितकं घट्ट धरतं तितका खोका घसरायचा थांबतो आणि कलंडायला लागतो. घसरला असता तर गपचूप कठड्याला टेकून पुढे गेला असता. लोक मात्र खोके पडताहेत म्हणून आणखी खरखरीत रबर लावतात आणि आपल्यालाच दोष देतात.

हे सगळं मी तुला शिकवलं. तू कॉलेजातून आलास तेव्हा तुला वाटायचं की एक त्रिज्या घेतली, सूत्रात घातली की संपलं. मी तुला पहिल्याच आठवड्यात वळणाच्या पट्ट्यावर खडू ठेवून दाखवलं होतं की आतली कड रमतगमत जाते आणि बाहेरची कड धावते, म्हणून हिशेब नेहमी बाहेरच्या कडेचा करायचा. मध्यरेषेची त्रिज्या घेणारा माणूस उद्या कुणाच्या तरी पायावर खोका पाडणार, असं मी तेव्हा म्हणाले होते. फळी मात्र तुझी. ते श्रेय मी कधीच नाकारलं नाही. खोक्याच्या पोटात वजन कुठे आहे हे सूत्राला विचारत बसण्यापेक्षा खोका फळीवर ठेवायचा, घसरू नये म्हणून खाली पट्टी ठोकायची, फळी एका बाजूने उचलत जायची आणि किती अंशांवर तो कलंडतो ते लिहून घ्यायचं. वळणही शेवटी फळीच असतं, फक्त दिसत नाही, असं तू म्हणायचास. मला ते वाक्य आवडायचं. तुला कधी सांगितलं नाही, कारण तुला डोक्यावर बसवून घ्यायची माझी तयारी नव्हती.

तर आता दिव्यांच्या खोक्यांकडे येऊ. तू कंटाळला असशील, तरी वाच. घाईसाहेबांना (अजून मी त्यांच्या तोंडावर त्यांना असं म्हटलेलं नाही, पण दोनदा थोडक्यात वाचले) त्यांच्या पार्सल केंद्रात पट्टा सेकंदाला दीड मीटर पळवायचा होता. मध्यरेषेवर तेवढा वेग असला की बाहेरच्या कडेला ते होतं फळी साडेसोळा अंश उचलल्यासारखं. आणि सगळ्यात अवघड माल टेबलावरच्या दिव्यांचा, वीस सेंटिमीटर रुंद आणि साठ उंच, बांबूसारखे उभे खोके. ते फळीवर चोवीस अंशांना कलंडले. चोवीस आणि साडेसोळा, म्हणजे जवळजवळ दीडपट सुरक्षित. तू कागद केलास, खाली तुझं नाव लिहिलंस, मी ऑफिसची सही केली, पट्टा सुरू झाला. तिसऱ्या आठवड्यात खोके पडायला लागले. सगळे नाही, शंभरात दोन-तीन. आणि चौथ्या आठवड्यात एक खोका वळणाशी पार्सलं वेगळी करणाऱ्या बाईंच्या मनगटावर पडला. दिव्याचं बूड ओतीव लोखंडाचं. हाड दोन ठिकाणी मोडलं.

ती बैठक मी रोज आठवते. लांबलचक टेबल, खिडकीबाहेर तो बंद ठेवलेला पट्टा, आणि घाईसाहेबांनी विचारलं की हिशेब कोणी केला. मी कागद उघडायच्या आत तू उठलास आणि म्हणालास की चूक माझी आहे, मी मध्यरेषेची त्रिज्या धरली, बाहेरची धरायला हवी होती, पट्ट्याचा वेग ताबडतोब एक पूर्णांक दोनवर आणा. मला वाटलं जमीन दुभंगावी. खडू ठेवून शिकवलेली गोष्ट! पहिल्या आठवड्यातली! मी तुझ्याकडे पाहिलं, तू टेबलाकडे पाहत होतास. आणि मग मी सगळ्यांसमोर बोलले. काय बोलले ते तुलाही पाठ असेल. की हा लहानपणापासून असाच घाईचा आहे, की मी प्रत्येक कागद तपासायला हवा होता, की असा माणूस या कामावर राहता कामा नये असं साहेबांना वाटत असेल तर माझी हरकत नाही. तू एकदाही मान वर केली नाहीस. पुढच्या सोमवारी ऑफिसची किल्ली पाकिटात घालून आईकडे ठेवलीस आणि गोदामात नोकरी धरलीस. तुझ्यासारख्या माणसाने, ज्याला खोक्याकडे नुसतं बघून तो कुठे कलंडेल ते कळतं, त्याने आता खोके फक्त मोजायचे. तीन महिने मी तुझ्यावर इतकी रागावलेली होते की फोन करायचंही मनात आलं नाही. तू म्हणशील, मग बारा दिवसांपूर्वी काय झालं. तेच सांगते.

घाईसाहेबांना पुन्हा घाई झाली. पट्टा हळू चालतो, माल तुंबतो, आता बाहेरची त्रिज्या धरून नवा हिशेब द्या आणि वेग वाढवू द्या. मी तुझा जुना कागद काढला. म्हटलं, एक आकडा खोडायचा, दुसरा लिहायचा, पाच मिनिटांचं काम. कागदावर त्रिज्या एक पूर्णांक तीन मीटर लिहिलेली होती. मी चष्मा पुसला. मग नकाशा काढला. मध्यरेषा एक मीटर, बाहेरची कड एक पूर्णांक तीन. म्हणजे तू बाहेरचीच धरली होतीस. पहिल्यापासून. बरं, आणखी ऐक. मध्यरेषेची धरली असतीस तरी तेरा अंश आले असते. खोका पडतो चोवीसला. तेरा काय आणि साडेसोळा काय, दोन्ही चोवीसच्या खालीच की! तू बैठकीत सांगितलेल्या चुकीने खोका पडूच शकत नव्हता. टेबलाभोवती सहा माणसं होती, त्यातली एक पंचवीस वर्षं हेच काम करणारी बाई, आणि कुणालाही साधी वजाबाकी करावीशी वाटली नाही. इतरांचं सोड. मला तुला रागवायची इतकी घाई झाली होती की आकडे बघायला सवड झाली नाही.

मग तुझ्या वह्या काढल्या. चार दिवस. शेवटच्या वहीत, बैठकीच्या आदल्या संध्याकाळची तारीख घालून (आयुष्यात पहिल्यांदा तारीख घातलीस, तीही नको तिथे) दिव्याच्या खोक्याचा सहाही बाजूंचा तक्ता. उभा, चोवीस. आडवे चारही प्रकार, कुठेच भीती नाही. आणि डोक्यावर उभा, पंधरा. पंधरा अंश! मध्यरेषेवर तगेल, बाहेरच्या कडेला आला की कोसळेल, म्हणूनच शंभरात दोन-तीन. शेजारी तुझ्या त्या गिचमिड अक्षरात लिहिलंय की पत्त्याची चिठ्ठी काही खोक्यांच्या बुडावर लावलेली असते, चिठ्ठी वाचणारं यंत्र वर टांगलेलं आहे, म्हणून माल चढवणारे खोका डोक्यावर उभा करतात. त्याखाली, ताईच्या तक्त्यात ही बाजू नाही. आणि सगळ्यात खाली तीनच शब्द आणि एक टिंब, ते वाचल्यावर मी वही आपटली आणि पुन्हा उचलून वाचलं. विचारलं तर त्रिज्या.

हो, तक्ता माझा होता. नमुन्याचे खोके आले त्या दुपारी तू आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला होतास. घाईसाहेबांच्या गाडीने चाळीस नमुने आणून खोलीत ओतले, कसेही, एकमेकांवर पालथे. टेबलावर तुझी चिठ्ठी होती, 'सहाही बाजूंनी'. मला आधी तुझा हुकूम बघून राग आला. मग तो पसारा बघून राहवेना. तुला माझी खोड माहीत आहे. मला पालथा डबा दिसला की हात आपोआप जातो, दुकानात दुसऱ्याच्या फळीवरच्या बरण्याही मी सरळ करते. मी चाळीसही खोके पुसले, बाण वर करून भिंतीशी रांगेत उभे केले आणि मग एकेक फळीवर घेतला. बाण काय शोभेला छापलाय, दिवा कोण डोक्यावर पाठवतो, असं मनाशी म्हटल्याचंही आठवतंय. आडव्या बाजू तर दिसतच होत्या की सुरक्षित आहेत. तक्ता नीट रेघा मारून केला. तू येऊन तो घेतलास आणि एक प्रश्नही विचारला नाहीस, कारण ताईने केलाय. तू माझा कागद तपासला नाहीस हाच काय तो तुझा दोष, आणि मी भर बैठकीत तुझे कागद तपासायला हवे होते म्हणून हळहळले!

आता मी तुझ्यावर का चिडले आहे ते नीट वाच. तुला वाटलं असेल, धाकटा चुकला तर लोक घाई म्हणून सोडून देतात, ताई चुकली तर तिची सही कुणी घेणार नाही, आणि सही गेली तर ऑफिस गेलं. एवढा हिशेब तू एका संध्याकाळी केलास आणि मला विचारलंही नाहीस. मला काय सोसेल आणि काय नाही हे ठरवणारा तू कोण? माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान आहेस. तुझ्या नाकातला शेंबूड मी पुसलाय. आणि मोठेपणा करायचा तर धड तरी करायचा! तुझ्या थापेने खोके डोक्यावर उभे राहायचे थांबले नाहीत. तू वेग कमी करायला लावलास, तेवढी अक्कल शाबूत होती म्हणून बरं. पण मी तेव्हा त्रिज्येचा आकडा 'दुरुस्त' करून वेग वाढवू दिला असता, तर पुन्हा कुणाचं तरी मनगट गेलं असतं. आपल्या कामात खोटं कारण सांगून चालत नाही रे. खरं कारण तिथेच पट्ट्यावर फिरत राहतं.

गेल्या गुरुवारी मी त्या बाईंकडे गेले. पत्ता काढून, पायऱ्या मोजत, तोंडात शब्द जुळवत. त्यांनी दार उघडलं आणि माझ्या नाकाकडे बघून म्हणाल्या की तुम्ही त्याची बहीण. तू दर सुट्टीला जातोस म्हणे. रबरी चेंडू नेऊन दिलास, मूठ किती मिटते ते लिहून ठेवतोस, आमच्या ऑफिसची चूक झाली एवढंच सांगतोस, कुणाची ते सांगत नाहीस. मी सांगितलं. खोके कसे पुसले आणि कसे रांगेत लावले, तेही सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की कामावर त्यांना सांगण्यात आलं होतं, तुमचाच हात नको तिथे होता. तीन महिने त्या स्वतःलाच दोष देत होत्या. मी माफी मागितली. त्यांनी माफ केलं असं म्हटलं नाही, आणि मीही विचारलं नाही. खाली उतरताना मला तुझा इतका राग आला आणि तुझी इतकी आठवण आली की कोपऱ्यावर थांबून नाक शिंकरावं लागलं.

बारा दिवस मी स्वतःला एकच प्रश्न विचारते आहे. त्या संध्याकाळी तू मला खरं सांगितलं असतंस, तर दुसऱ्या दिवशी त्या टेबलाशी मी उठून उभी राहिले असते का? राहिले असते असं म्हणायला मला फार आवडेल. पण मी खात्री देऊ शकत नाही, आणि तू मला ओळखतोस म्हणूनच तू सांगितलं नाहीस, हे मला सगळ्यात जास्त झोंबलंय. म्हणून परवा शुक्रवारी, तुझा सल्ला न घेता, मी घाईसाहेबांच्या खोलीत जाऊन तुझी वही त्यांच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं, बाईंच्या हाताबद्दलही. त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांना वाटतं मी भावाला परत आणायला दोष अंगावर घेते आहे. बघ, तुझ्या थापेने माझं खरंही खोटं ठरवलं! आता ते तुझ्याकडूनच खात्री करून घेणार आहेत. हे पत्र उद्या सकाळी तुझ्या हातात पडेल, कारण मी स्वतः येऊन ते तुझ्या गोदामाच्या पहारेकऱ्याकडे देणार आहे. अकरा वाजता तुला त्यांचा फोन येईल. तो उचल. ते विचारतील की दिव्याच्या खोक्यांचा तक्ता कोणी केला. त्या वेळी त्रिज्या सांगू नकोस, घाई सांगू नकोस, आणि ताई असंही सांगू नकोस. माझं नाव सांग. पूर्ण नाव सांग.

तुझ्यावर अजूनही चिडलेली, पण तुझीच,
ताई